सात मिलिमीटरची अक्षरे

ताईचे नाव सकाळी दहालाच कापून झाले होते. सहा सेंटिमीटर उंचीची, गडद निळी अक्षरे. चिमट्याने भोवतीचे विनाइल, म्हणजे मागे गोंद असलेला प्लास्टिकचा पापुद्रा, सोलून काढल्यावर ती कागदावर अशी निर्मळ उभी राहिली, की क्षणभर मला माझेच कौतुक वाटले. आता नावाखालच्या दोनच ओळी उरल्या होत्या. एकीत तिच्या पदव्या, दुसरीत तिचा नोंदणी क्रमांक. अक्षरांची उंची सात मिलिमीटर. अकरापर्यंत मोकळा होईन, असे मी मनाशी ठरवून टाकले.

साडेअकराला मी त्याच दोन ओळी चौथ्यांदा कापत होतो.

यंत्र मोठी अक्षरे निमूट कापत होते आणि बारीक अक्षरांशी आले की बिथरत होते. प्रत्येक वळणावर पाते विनाइल कापण्याऐवजी ओढत होते, त्यामुळे रेघेची दोन टोके एकमेकांना भेटतच नव्हती. मग सोलायला घेतले की नको असलेल्या भागाबरोबर हवे असलेले अक्षरही उठून येई, पाहुण्यांबरोबर घरचे मूल चालू लागावे तसे. क्रमांकात तीन आठ होते. चारही खेपांना तिन्ही आठांची पोटे फाटली.

दुकान म्हणजे आमच्या घराची पुढची खोली. भिंतीला लागून कटर, म्हणजे अक्षरे कापणारे यंत्र, खिडकीखाली लांब टेबल, आणि कोपऱ्यात बाबांचा ठोकळा, ज्यावर त्यांनी चाळीस वर्षे दगडी पाट्या कोरल्या. शहरातल्या निम्म्या डॉक्टर-वकिलांची नावे त्या ठोकळ्यावरून गेली आहेत. पुढे लोकांना दगड जड वाटू लागला, बाबांचा खांदाही कुरकुरू लागला, आणि दोन वर्षांपूर्वी मी हे यंत्र घरात आणले. बाबा त्याला ‘सूनबाई’ म्हणतात. “घरात आल्यापासून भिंतीकडे तोंड करून उभ्या आहेत आणि सगळ्यांनी हळू बोलायचं,” हे त्यांचे तिच्याविषयीचे पहिल्या दिवशीचे मत. ते अजून बदललेले नाही.

ताई दातांची डॉक्टर. आमच्या घरातली पहिली. तिच्या दवाखान्याची तपासणी त्याच दिवशी संध्याकाळी पाचला होती, आणि दाराच्या काचेवर नाव, पदवी व क्रमांक कायमचा लावलेला असल्याशिवाय अधिकारी परवान्यावर सही करणार नव्हते. क्रमांकाचे पत्र आदल्या दिवशी आले, म्हणून ही घाई. तशी दवाखान्यासमोरच्या छपाईवाल्याकडे ही पट्टी अर्ध्या तासात छापून मिळाली असती. पण पत्र आले तेव्हा बाबा म्हणाले होते, “लोकांच्या लेकरांची नावं मी कोरली. हिचं नाव आपल्या घरातून जाऊ दे.” बाबा एखादी गोष्ट दुसऱ्यांदा सांगत नाहीत. त्यामुळे ती विसरण्याची सोय उरत नाही.

मी यंत्राचा वेग कमी केला. फरक पडला नाही. दाब वाढवला, तर पाते खालच्या कागदात शिरले आणि पदव्यांची ओळ कागदासकट सुटली. दाब कमी केला, तर विनाइलवर नुसते ओरखडे उठले, मांजराने नखांची परीक्षा घेतल्यासारखे. पाते बोथट झाले असेल, या सर्वात शहाण्या विचारापर्यंत मी आलो आणि खणातल्या डबीतून राखीव पाते काढून बसवले. ते मी कधीच वापरलेले नव्हते. त्यानेही नेमकी तशीच अक्षरे फाडली.

तेव्हा मी पात्याला निर्दोष ठरवले. दिवसातली ही माझी सर्वात मोठी चूक होती, आणि ती मी शास्त्रशुद्ध रीतीने केली.

मग पाते धरणारा होल्डर उघडला. आत विनाइलचा केसासारखा एक तुकडा अडकलेला सापडला. हरवलेली किल्ली सापडल्यासारखा आनंद झाला. तो सहा मिनिटे टिकला. पात्याखालची पांढरी पट्टी बदलली. विनाइलचा नवा रोल उघडला. शिळ्या वाटणाऱ्या गोंदाला दोष दिला, हवेला दिला, शेवटी आठ या आकड्याला दिला. सात कसा एका वळणात उरकतो. आठाला मात्र स्वतःभोवती दोनदा फिरल्याशिवाय चैन पडत नाही.

ताईचा फोन आला तेव्हा टेबलावर फाटक्या आकड्यांचा निळा कचरा साचला होता.

“मौनी, झालं का?” लहानपणापासून मी तिचा मौनी आहे.

“होतंय.”

“होतंय म्हणजे काय? दात काढताना मी पेशंटला ‘निघतोय’ म्हणून सांगू का आणि तासभर बसवू?”

“बारीक अक्षरं फाटतायत.”

“मग जरा मोठी कर.”

“दाराच्या पट्टीत मावत नाहीत. तूच पट्टी अरुंद घेतलीस.”

“माझं चुकलं. पदव्याही कमी घ्यायला हव्या होत्या.” मग ती म्हणाली, “हे बघ, साडेचारपर्यंत वाट बघते. नाही जमलं तर समोरून छापून घेते. बाबांना तू सांगायचं.”

मला बोलणे जमत नाही हे तिला ठाऊक आहे, म्हणूनच तिने ती शिक्षा निवडली होती.

मी यंत्र विकणाऱ्या दुकानात फोन लावला. तिथला मेकॅनिक काहीतरी खात बोलत होता.

“ब्लेड बदला.”

“बदललं. नवं टाकलं तरी तेच.”

“मग ऑफसेट बघा.”

“तो आकडा पहिल्या दिवसापासून आहे तोच आहे. हात लावलेला नाही.”

“मग मशीन बरोबर आहे.”

“पण अक्षरं फाटतायत.”

“तुमची फाटतायत. मशीन बरोबर आहे,” असे म्हणून त्याने पुढचा घास घेतला. नवी पाती हवी असतील तर परवा गाडी येते, एवढे सांगायला मात्र तो विसरला नाही.

अडीच वाजले. खिडकीतून येणारे ऊन टेबलावरून सरकत बाबांच्या ठोकळ्यापर्यंत पोहोचले. मी डोके हातांत धरून बसलो. ज्या यंत्रासाठी मी बाबांच्या छिन्न्या खोक्यात घातल्या, ते माझ्याच बहिणीच्या नावाखाली दोन ओळी लिहायला तयार नव्हते. मला वाटले, काही माणसांना मोठ्याने बोलता येत नाही म्हणून ती अक्षरांच्या धंद्यात येतात, आणि तिथेही बारीक आवाजात बोलू गेले की फाटतात.

बाबा चहाचे दोन कप घेऊन आले. टेबलावरच्या कचऱ्याकडे त्यांनी पाहिले.

“सूनबाई रुसल्या वाटतं.”

“बाबा, आत्ता नको.”

“बरं.” ते ठोकळ्यावर बसले. अर्धा कप संपवला. मग म्हणाले, “पण पात्याचा प्रश्न नसणार. धार झकास आहे.”

मी मान वर केली. “तुम्हाला काय माहीत?”

“मीच तर लावली. काल संध्याकाळी, तू पत्रातला क्रमांक टाइप करत होतास तेव्हा.”

ठोकळ्याशेजारी, फडक्यावर, त्यांचा हिऱ्याच्या पावडरीचा धारेचा दगड ठेवलेला होता. त्याच्या मध्यावर बारीक राखाडी रेघ उमटली होती. सकाळपासून मी त्याच्या शेजारून दहा वेळा गेलो होतो.

“कुठल्या पात्याला?”

“मशीनमधल्या. छोट्या हातशिकंज्यात धरलं, म्हणजे हलत नाही.” आणि मग अतिशय समाधानाने, “डबीतल्यालाही. असू दे म्हटलं, हातासरशी.”

“दोन्ही?”

“लेकीच्या दाराचं काम आहे. बोथट पात्यानं करायचं का?”

चाळीस वर्षे रोज संध्याकाळी छिन्न्यांना धार लावून मगच जेवायला बसलेल्या माणसाला काय सांगायचे? कटरचे पाते छिन्नीसारखे नसते, त्याचे टोक कारखान्यात जिथे घडवले तिथेच असावे लागते, हे सांगायला माझ्या ओठांवर शब्द आले होते. चार तासांचा सगळा वैताग त्यांच्या मागे रांग लावून उभा होता. बाबा कपाच्या काठावरून माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या अंगठ्यावर ताजी, दोऱ्याएवढी जखम होती. मी चहा प्यायलो. तो गार झाला होता.

मग पाते काढून भिंगाखाली धरले. टोक किंचित गोल झाले होते, आणि आतल्या बाजूला सरकले होते.

ऑफसेट म्हणजे काय, हे मला त्या दुपारी खरे कळले. पात्याचे टोक होल्डरच्या बरोबर मध्यावर नसते. सामानाच्या ढकलगाडीचे पुढचे चाक जसे आपल्या खुंटीच्या जरा मागे राहून फरफटते, तसे ते मध्यापासून थोडे मागे चालते. किती मागे, ते यंत्राला आकड्यात सांगून ठेवावे लागते, म्हणजे वळणावर ते तेवढे जास्त पुढे जाऊन वळते. आमच्या यंत्राला पाव मिलिमीटर सांगितले होते. बाबांच्या दगडाने तो आकडा खोटा ठरवला होता. मोठ्या अक्षरात ही लबाडी खपून जाते. सात मिलिमीटरमध्ये खपत नाही.

नवे पाते परवा येणार होते. घड्याळात तीन वाजून दहा मिनिटे झाली होती. पाते यंत्राचे ऐकत नसेल, तर यंत्राने पात्याचे ऐकावे, एवढाच मार्ग राहिला.

मी पाच मिलिमीटरचे चौकोन कापायला घेतले. प्रत्येक चौकोनाला वेगळा आकडा. आधी घाबरून आकडा वाढवत गेलो. कोपऱ्यांना शिंगे फुटली. मग उलटे, कमी करत आलो.

“हे काय चाललंय?” बाबांनी विचारले.

“चौकोन.”

“क्रमांकात चौकोन आहे का?”

“नाही.”

“मग?”

“बाबा.”

“बरं, बरं.”

शून्य पॉइंट दोन. शिंगे आखूड झाली, पण गेली नाहीत. शून्य पॉइंट एक पाच. कोपरा स्वच्छ, काटकोनात, दोन्ही रेघा एकमेकींना भेटलेल्या. शून्य पॉइंट एक, आता कोपरे गोल. मी परत मागे आलो. टोक झिजून आखूड झाले होते म्हणून पाते होल्डरमधून किंचित बाहेर काढले, वेग बैलगाडीचा ठेवला, आणि दोन ओळी यंत्राकडे पाठवल्या.

चिमटा धरून मी सोलायला लागलो. पदव्या निघाल्या. क्रमांक निघू लागला. पहिल्या आठचे वरचे पोट जागेवर राहिले, खालचेही राहिले. दुसरा आठ. तिसऱ्याला एक कोपरा हलला; बाबांनी त्यांच्या जाडजूड बोटाचे नख त्यावर अलगद ठेवले आणि मी बाकीचे सोलून घेतले. दगडाचे बारीक टवके उडवताना ते असेच नख ठेवत, मला आठवते.

साडेचारला चार मिनिटे कमी असताना मी ताईला फोन केला. “येतोय.”

“छापून?”

“कापून.”

पलीकडे एक सुस्कारा ऐकू आला. “बाबांना घेऊन ये,” ती म्हणाली.

दवाखान्याच्या दाराची काच आम्ही तिघांनी पुसली. पट्टी बाबांनी समपातळीत धरली, मी घासून बसवली, आणि वरचा कागद ओढून काढला तेव्हा ताईचे नाव आणि खालच्या दोन ओळी दारावर राहिल्या. अधिकारी पाचऐवजी पाच वीसला आले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, नाक काचेला लागेल एवढे जवळ नेले आणि हातातल्या कागदाशी एकेक आकडा मोठ्याने ताडून पाहिला. तीनदा “आठ” म्हणाले. मग त्यांनी टेबलाशी बसून सही केली.

“छान उठलीत अक्षरं,” ते जाताना म्हणाले.

“धार महत्त्वाची,” बाबा म्हणाले.

ताईने माझ्याकडे पाहिले. मी काचेवरचा, नसलेला डाग पुसत राहिलो.

काम आटोपून बाबा आणि मी परत निघालो. सगळी दुपार ते माझ्या मागे बसून होते, पडद्यावरचे आकडे बदलताना पाहत होते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी आल्यावर त्यांनी विचारले, “ते पाव होतं, त्याचं तू एक पाच केलंस. म्हणजे फरक केवढा रे?”

मी विचार केला. खोटे बोलायचे तर तेही बोलावेच लागते, त्यापेक्षा खरे सोपे.

“केसाएवढा.”

त्यांनी मान हलवली. अंगठ्यावरच्या जखमेवरून दुसऱ्या हाताचे बोट फिरवले.

“दगडात केसाएवढं चालायचं,” ते म्हणाले. “दगड सांभाळून घेतो.”

दार उघडून आम्ही आत आलो. दिवा लावला, तसा टेबलावर फाटक्या आठांचा ढीग दिसला. बाबांनी तो ओंजळीत भरून टोपलीत टाकला. मग धारेचा दगड फडक्यात गुंडाळला, खणात ठेवला, आणि खण लावताना माझ्याकडे न बघता म्हणाले,

“परवा नवी पाती आली की सांग. कुठल्याला धार लावायची नाही ते दाखवून ठेव.”