कीर्तनाच्या गाडीचं तेल

मित्रांनो, माझं तोंड मोठं आणि गळा बारीक. तरी मी बडबड्या नाही. जन्मभर एकच काम केलं, वरून आलेलं तेल खाली इंजिनात पोचवलं. मी एक जुनं पत्र्याचं नरसाळं आहे. पळस्प्याला जिथे गोव्याचा रस्ता फुटतो, तिथल्या काशीराम मिस्त्रींच्या गॅरेजात एका खिळ्यावर माझा मुक्काम असतो.

पनवेलच्या बाजारात बाळूकाका पत्र्याच्या पेट्या आणि डबे करत. त्यांनी खोबरेल तेलाचा रिकामा डबा कापला, गोल वळवला, सांध्याला डाख दिला, बाजूला मूठ जोडली आणि गळ्यात पितळेची बारीक जाळी बसवली. मला काशीरामांच्या हातात देताना म्हणाले, "हे मोडनार नाय. तूच आदी मोडशील." दोघं खूप हसले. आज बाळूकाका नाहीत, पण त्यांचा डाख अजून धरून आहे.

त्या काळी आमच्याकडे जीपा यायच्या, ट्रक यायचे, करंज्याहून मासळीचे टेम्पो यायचे. टेम्पो आला की शेजारीच चहाची टपरी चालवणाऱ्या भामावहिनी, म्हणजे काशीरामांच्या मंडळी, नाकाला पदर लावत. मग काशीराम म्हणत, "कालवन जेवताना नाय लावत तो पदर?"

ती इंजिनं जुनी, झिजलेली, आतून ऐसपैस. त्यांना घट्ट तेल लागायचं. वीस-पन्नास नावाचं ते तेल काकवीसारखं सावकाश माझ्या गळ्यातून उतरायचं. काशीराम लांब पेचकसाचं एक टोक इंजिनाला टेकवत, दुसरं कानाशी धरत आणि डोळे मिटून ऐकत. आतला कुठला भाग कण्हतोय ते बरोबर सांगत. असा कान मी दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही. याच कानाने, असेच डोळे मिटून ते कीर्तनही ऐकत.

म्हणून करंज्याच्या कीर्तनकार मनिषाताई आपली नवी गाडी घेऊन गॅरेजात आल्या, तेव्हा काशीरामांना काय करू नि काय नको असं झालं. गाडी चालवायला ताईंचा धाकटा भाऊ प्रितम. तोच त्यांच्या साथीला मृदंग वाजवतो.

"ताई, ही कीर्तनाची गाडी. हिची सेवा माज्याकडं," काशीराम म्हणाले. आणि त्यांनी फळीवरचा, खास माणसांसाठी राखलेला वीस-पन्नासचा डबा काढला. "तेल कसं, घट्ट पायजे. पातल तेल म्हंजे ताकात पानी."

मित्रांनो, खरं सांगतो, त्या दिवशी मलाही धन्य वाटलं. देवाच्या कामाची गाडी, आणि तिच्या पोटात माझ्या गळ्यातून तेल! आम्ही दोघांनी मनापासून सेवा केली. चूकही मनापासूनच केली.

पंधरा दिवसांनी गाडी परत आली. रोज सकाळी गार इंजिन चालू केलं की आत टकटक होई. पळायला जड झाली होती, आणि समोर एक पिवळा दिवा पेटला होता, इंजिनाच्या आकाराचा.

प्रितम म्हणाला, "मिस्त्रीकाका, मृदंगावर हात पडायच्या आधीच हिचा टाळ सुरू होतो. तोही बेतालात!"

पण मनिषाताई हसल्या नाहीत. हायवेवरच्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये त्यांना सांगितलं होतं की इंजिन उघडावं लागेल, दहा दिवस गाडी मिळणार नाही. आणि परवापासून नेऱ्याला त्यांचा सप्ताह. मृदंग, पेटी, टाळकरी, सगळं घेऊन सात दिवस करंज्याहून जायचं नि रात्री परतायचं. गावाने प्रथमच एका बाईला सगळे सात दिवस दिले होते. "पहिल्याच दिवशी पोचले नाही तर पुढच्या वर्षी कुठलीच बाई बोलावणार नाहीत," त्या हळूच म्हणाल्या.

काशीरामांनी पेचकस कानाला लावला. बराच वेळ ऐकलं. मग म्हणाले, "तेल पातल परलं असंल. अजून घट्ट टाकू." आणि मला खिळ्यावरून उचललं.

मी इंजिनाच्या तोंडात बसलो. डबा वाकला. तेवढ्यात सांडलेला चहा पुसायला फडकं शोधत भामावहिनींनी गाडीचा कप्पा उघडला.

"ताई, हे लाल फरकं घेऊ का? काय बांधलंय यात?"

"अगं बाई, ते नको! ती गाडीची पोथी आहे," मनिषाताई म्हणाल्या. "गाडीसोबत आलेलं पुस्तक. दसऱ्याला गाडीबरोबर त्याचीही पूजा करतो."

"मंग काय लिवलंय त्यात?"

प्रितमने ताईंकडे पाहिलं, ताईंनी आपल्या हातांकडे. मग त्या एकदम हसल्या. "भामावहिनी, पकडलंत मला. रोज गावोगाव सांगते, पोथी नुसती पुजू नका, वाचा. आणि माझीच बांधलेली!"

इंजिनाशेजारीच गाठ सुटली. सुकलेली झेंडूची पाकळी खाली पडली, कुंकू माझ्या मुठीवर सांडलं. पुस्तक इंग्रजीत होतं. ताई वाचू लागल्या, जणू कीर्तनातलं मूळ पद लावावं तसं संथ, ठाय लयीत. "इंजिनाचं तेल... शून्य डब्ल्यू वीस. म्हणजे काय हो दादा? वाचलं मी, अर्थ तुम्ही सांगा."

डबा बाजूला ठेवून काशीराम सांगू लागले. आयुष्यभर कामातून शिकलेला माणूस तो, त्यांना सगळं ठाऊक होतं.

"डब्ल्यू म्हंजे थंडी. त्याच्या आदीचा आकडा गार इंजिनाचा. जेवडा लहान, तेवडं तेल सकाली लवकर धावतं. मागचा आकडा तापलेल्या इंजिनाचा. जेवडा मोटा, तेवडं तेल तापल्यावर घट्ट. आता या नव्या इंजिनात तेलाच्या वाटा केसासारक्या बारीक. तिथं घट्ट तेल सकाली लवकर पोचतच नाय. मग वरचे भाग कोरडे, मग टकटक..."

ते थांबले. आपलाच आवाज त्यांनी ऐकला होता.

मित्रांनो, तीस वर्षांच्या नावाजलेल्या हाताला गिऱ्हाइकासमोर हे बोलणं किती जड जात असेल! पण काशीरामांनी हात पुसले, जोडले. "ताई, चूक माजी हाय. जीपांचं तेल तुमच्या गाडीला घातलं. भक्तीनं घातलं, पन इचारून नाय घातलं."

"अर्धी माझी," ताई म्हणाल्या.

"दोघांनी वाटून घ्या," भामावहिनी म्हणाल्या, "पन आदी तेल बदला!"

प्रितम पनवेलला जाऊन पुस्तकात दिलेल्या आकड्याचं आणि खुणेचं तेल घेऊन आला. काशीरामांनी जुनं तेल शेवटच्या थेंबापर्यंत निथळू दिलं, फिल्टर बदलला. मग मला घासलं. जाळीत वर्षानुवर्षं बसलेलं घट्ट तेल काढलं, कोरडं केलं. नवं तेल माझ्या गळ्यातून इतकं झरकन गेलं की मी घाबरलो. हे कसलं तेल? हे इंजिनाला काय सांभाळणार?

टकटक गार इंजिनातच व्हायची, म्हणून गाडी रात्रभर गॅरेजात ठेवली. सकाळी सगळे गाडीभोवती जमले. प्रितमने चावी फिरवली.

सगळ्यांनी इंजिनाकडे कान दिले.

"टाळ बंद!" प्रितम ओरडला. इंजिन शांत गुणगुणत होतं. काशीरामांनी तरीही पेचकस कानाला लावला, आणि डोळे मिटूनच हसले.

गाडी सातही दिवस नेऱ्याला वेळेवर पोचली. पिवळा दिवा तिसऱ्या दिवशी आपोआप विझला. शेवटच्या दिवशी काशीराम आणि भामावहिनीही गेले. अवजारांच्या पिशवीतून मीही गेलो आणि मंडपाशेजारी उघड्या डिकीतून सगळं ऐकलं. निरूपणात मनिषाताईंनी लाल फडक्यातल्या पुस्तकाची गोष्ट सांगितली. दोष सगळा स्वतःवर घेतला, मिस्त्रींचं नावही घेतलं नाही.

तोच काशीराम भर मंडपात उभे राहिले. "ताई, अर्दंच सांगता! न वाचता तेल वतनारा मीच हाय!"

मंडप हसून हसून वाकला. भामावहिनी त्यांचा सदरा ओढत होत्या, "बसा आता खाली." ताईंनी व्यासपीठावरून त्यांना हात जोडले, आणि प्रितमची मृदंगावर थाप पडली. मित्रांनो, पुष्कळ तेलं पाहिली मी, पण मंडपात उभा राहिलेला असा माणूस एकदाच पाहिला.

आता नव्या तेलाचे डबे आपली चोच घेऊनच येतात. माझं काम कमी झालंय. जुनी जीप आली की काशीराम मला खाली घेतात, कारण तिला आजही वीस-पन्नासच मानवतं. इतर दिवशी मी खिळ्यावरून पाहतो. गाडी कुणाचीही येवो, ते आधी हात पुसतात आणि विचारतात, "पुस्तक कुटं हाय?"

मुठीवरचं ते कुंकू त्यांनी मला घासतानाही पुसलं नाही. एवढंच मागतो, मित्रांनो. तुमच्या घरच्या गाडीचा कप्पा आज उघडा. फडकं असेल तर गाठ सोडा. पूजा जरूर करा. पण एक पान वाचून मग.