सातवी धाव

मित्रांनो, मी एक जुनी मॅट आहे. क्रिकेटच्या खेळपट्टीवर अंथरतात ना, ती काथ्याची मॅट. रंग कधीकाळी हिरवा होता, आता गवत आणि माती यांच्या मधला कुठलातरी म्हणायचा. बॅटचं कौतुक होतं, चेंडूला पँटवर घासून चकाकी देतात, माझ्या वाट्याला येतात ते बूट. त्याबद्दल माझी कुरकुर नाही. बुटांवरून माणूस बराच कळतो. चेहरे मात्र मी कधी धड पाहिलेले नाहीत, कारण मी अंथरलेली असते तेव्हा सगळे माझ्यावर उभे असतात आणि माझी गुंडाळी झाली की मला काहीच दिसत नाही.

माझा स्वभाव पहिल्यापासून चौकस. कारखान्यात मला विणत होते तेव्हा आजूबाजूला सगळ्या पायपुसण्या होत्या. त्या हातभर लांब झाल्या की कापल्या जायच्या. माझं विणकाम मात्र संपेचना. एवढं मोठं दार कोणाच्या घरी असेल, या विचाराने मी हैराण झाले होते. मग मला मैदानावर आणलं, कडेने खिळे ठोकून ताणलं, आणि पहिला चेंडू अंगावर आदळला तेव्हा उलगडा झाला.

पण एक कोडं सुटलं की दुसरं तयारच. चेंडू माझ्यावर टप्पा घेतो आणि निघून जातो. कुठे जातो? लांब कुठेतरी आरडाओरडा होतो, आणि परत येणाऱ्या पावलांवरून मी ताडते की झेल गेला की चौकार बसला. खेळ माझ्या अंगावर चालतो आणि निकाल मला सगळ्यांच्या शेवटी कळतो. आता हसावं की रडावं?

मला विकत घेतलं ते नदीवरच्या पुलाच्या दोन्ही बाजूंच्या लोकांनी मिळून. अलीकडच्यांची एक टीम, पलीकडच्यांची एक. दोन मॅटी घेण्याची कोणाची ऐपत नव्हती, म्हणून ठरलं असं की दरवर्षी थंडीत एक मॅच खेळायची आणि जिंकेल त्याने मला वर्षभर ठेवायचं. हरलेल्यांनी उघड्या मातीवर सराव करायचा. बरोबरी झाली, तर मी जिथे आहे तिथेच राहायचं.

अलीकडच्या टीमचा कॅप्टन आणि विकेटकीपर होता एक शिंपी. सगळे त्याला मास्तर म्हणत. त्याचे कॅनव्हासचे बूट हलके, आणि तळव्याला हमखास एखादा दोरा चिकटलेला. त्याच्या दुकानात छताखाली एक आडवा बांबू टांगलेला होता. मी तिथे वर्षभर निवांत लोंबकळत असे आणि वरून मला दिसायची ती नुसती डोकी. खालून इस्त्रीची ऊब यायची, शिलाई यंत्र घरघरायचं, आणि गिऱ्हाइकांच्या गप्पा फुकट ऐकायला मिळायच्या.

पलीकडच्यांचा कॅप्टन गवंडी. त्याला मिस्त्री म्हणत. त्याच्या जड बुटांना सिमेंटचा वाळलेला थर असायचा आणि त्याचं पाऊल पडलं की माझ्या अंगातली धूळ उडायची. एका वर्षी ते जिंकले. मिस्त्रीने मला ओलंच गुंडाळलं आणि शेडमध्ये सिमेंटच्या पोत्यांमागे उभं करून ठेवलं. तो मनाने वाईट नव्हता, मित्रांनो. फक्त मॅटला काही होतं हे त्याच्या गावीही नव्हतं. मी तिथे कुबट झाले. उंदरांनी माझा एक कोपरा पार कुरतडून टाकला. त्या वर्षाची आठवण आली तरी माझा काथ्या शहारतो.

पुढच्या वर्षी मी परत आले तेव्हा मास्तरांनी तो कोपरा बोटांनी चाचपून बघितला. मग जाड सुई घेऊन बसले. जुन्या ताडपत्रीचं ठिगळ लावून त्यांनी कोपरा पुन्हा उभा केला आणि फर्मान काढलं की ठिगळाला कोणी खिळा मारायचा नाही, शिवण उसवते. तेव्हापासून माझा तो कोपरा किंचित वर उचललेला राहतो. सगळ्यांनी सांगून पाहिलं की मास्तर, एक खिळा मारू द्या, कोणीतरी अडखळेल. मास्तर मात्र आपल्या शिवणीपुढे कोणाचं ऐकतील तर शपथ.

आता गेल्या थंडीतल्या मॅचकडे येते. त्या दिवशी नदीवरून धुकं आलं ते जणू मुक्कामालाच. जमीन ओली, चेंडू ओला. दुपारी जरा उजाडल्यासारखं झालं म्हणून खेळ सुरू केला आणि शेवटच्या षटकात धुकं पुन्हा दाटलं. पंच म्हणून उभे होते निवृत्त पोस्टमन. त्यांनी विचारलं की थांबायचं का? दोन्ही कॅप्टन एकाच सुरात नाही म्हणाले. बाकी कशात त्यांचं एकमत झाल्याचं मी ऐकलेलं नाही.

मला मात्र त्या दिवशी मोठी गंमत वाटत होती. कोणालाच खेळपट्टीपलीकडचं काही दिसत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा सगळे माझ्यासारखे झाले होते. चेंडू गेला की सगळ्यांचा एकच प्रश्न, कुठे गेला?

पलीकडच्यांना जिंकायला शेवटच्या चेंडूवर सात धावा हव्या होत्या. म्हणजे मॅच संपल्यातच जमा होती. माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, चला, बांबू शाबूत राहिला. बॅटिंगला होता मिस्त्रीचा मेहुणा, आणि समोरच्या टोकाला, माझ्या ठिगळाच्या बाजूला, स्वतः मिस्त्री. मेहुण्याने डोळे मिटून बॅट फिरवली. चेंडू मिस्त्रीच्या टोकाकडे उंच उडाला आणि धुक्यात दिसेनासा झाला.

"माझा, माझा," लांबून कोणीतरी ओरडलं. दुसऱ्या बाजूनेही कोणीतरी तेच ओरडलं. झालं, बोलर, मास्तर, सगळे आवाजाच्या दिशेने पळाले. पोस्टमनकाका त्या वेळी चष्म्याच्या ओल्या काचा पुसत होते. आणि तो चेंडू गेला होता कुठे? कुठेच नाही. माझ्याच ठिगळाच्या टोकाशी, ओल्या मातीवर आवाज न होता पडला, वीतभर घरंगळला, आणि माझ्या उचललेल्या ठिगळाखाली जाऊन बसला.

मित्रांनो, जन्मभर ज्या प्रश्नाने मला छळलं, त्याचं उत्तर त्या क्षणी फक्त मला माहीत होतं. आणि सांगायला तोंड नव्हतं.

मिस्त्री आणि मेहुणा पळत सुटले. धुक्यात शोधाशोध चालली होती. "तुझ्याकडे आहे का?" "नाही, तुझ्याकडे होता ना?" हरवलेल्या चेंडूचा नियम दोन्ही टीमनी कधी ठरवलाच नव्हता, त्यामुळे चेंडू सापडेपर्यंत धावा चालू. प्रत्येक धावेबरोबर ते सिमेंटचं शेड माझ्या जवळ येत होतं.

दुसरी धाव पूर्ण करताना मिस्त्रीचा बूट ठिगळावरच्या उंचवट्यावर पडला. त्याचा घोटा डगमगला. बूट जागच्या जागी थबकला, पण क्षणभरच. मग तो पळाला. मला वाटलं, दगड समजला असेल. पण चौथ्या धावेला परत आला तेव्हा त्याने तो उंचवटा नेमका ओलांडून पाय टाकला. त्या पावलाला सगळं कळलेलं होतं. मी ओरडू शकत असते तर ओरडले असते.

सहाव्या धावेला तो दमला होता. ओलांडायचा अंदाज चुकला आणि त्याचं सगळं वजन ठिगळावर आलं. खाली चेंडू, वर बूट. टर्रकन आवाज झाला आणि मास्तरांची शिवण बोटभर उसवली.

"दाजी, पळा! एकच राहिली!" समोरून मेहुणा ओरडला.

मिस्त्रीचे बूट हलले नाहीत. त्या बुटांच्या वर, चेहऱ्यावर काय चाललं होतं, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही. मला एवढंच माहीत आहे की ते जड पाऊल ठिगळावरून अलगद उचललं गेलं. इतक्या हळू त्या माणसाने माझ्यावरून पाय कधीच काढला नव्हता.

"मास्तर, चेंडू इथंय," तो म्हणाला. "मॅट फाटतेय."

धुक्यातून मास्तर धापा टाकत आले. गुडघ्यावर बसले, ठिगळाखाली हात घातला, चेंडू काढून बाजूला ठेवला. त्याच्याकडे पाहिलंही नाही. उसवलेल्या शिवणीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "कधी कळलं तुम्हाला?"

"दुसऱ्या धावेला."

"म्हणजे कळल्यावर चार पळालात."

"पळालो," मिस्त्री म्हणाला. "सातवी नाही जमली."

मेहुणा चिडला, हातातोंडाशी आलेला घास गेला म्हणाला, आणि त्याचं चुकलंही नाही. पण बरोबरी ती बरोबरी. मी मास्तरांकडेच राहणार होते.

त्या संध्याकाळी मिस्त्रीने मला स्वतः गुंडाळलं आणि खांद्यावर घेतलं. मी ओली, म्हणून दुप्पट जड. मैदानापासून दुकानापर्यंत त्याचा गाल माझ्यावर टेकलेला होता. दाढीचे खुंट आणि माझा काथ्या, कोण जास्त खरखरीत ते सांगता येणार नाही. चेहऱ्याशी माझी ओळख झाली ती ही अशी, न बघताच.

दुकानात मास्तरांनी मला उलगडून बांबूवर टाकलं. मिस्त्री माझ्या खाली येऊन उभा राहिला. मग त्याने विचारलं की असा बांबू आमच्या शेडमध्ये टांगायचा तर किती उंच हवा? मास्तरांनी गळ्यातली टेप काढली, जमिनीपासून बांबूपर्यंत माप घेतलं आणि सांगितलं.

मित्रांनो, माझं मागणं मोठं नाही. मला ओली गुंडाळू नका, कोपऱ्यात उभी करून विसरू नका. आणि पळता पळता पायाखाली काही लागलं, तर क्षणभर थांबून बघा. कधी कधी तिथे आपण शोधत असतो तो चेंडू असतो, आणि कधी कोणाची तरी शिवण.

परवा मेहुणा पँट आखूड करायला दुकानात आला होता. तो सांगत होता की शेडमधली पोती हलवली, भिंतीत नवी खिडकी पाडली आणि बांबू टांगून तयार आहे, नुसताच रिकामा. तेव्हापासून माझ्या मनात एकच घोळतंय, तिथून काय दिसत असेल? थंडी जवळ आली आहे. दरवर्षी मी मनातल्या मनात मास्तरांच्या बाजूने असते. या वर्षी कोण जिंकावं, ते माझं मलाच ठरवता येत नाही.