नावं तेवढी

माऊसचं मधलं चाक बोटाखाली खरखरत होतं आणि पडद्यावरची यादी वर वर सरकत होती... सरकत सरकत तळाशी येऊन ती थांबली. तळाशी चार ओळी नव्या होत्या. काल दुपारी त्या नव्हत्या. प्रेमानंदांनी चष्मा नाकावर दाबून बसवला आणि ओळी मनातल्या मनात वाचल्या – मिक्सरचं भांडं गळत असेल तर. कोथरूड, एक खोली, फक्त मुलींसाठी. झोप न लागण्याची सात कारणं. समुपदेशकाकडे पहिली भेट : काय विचारतात?

मिक्सर त्यांनी ओढून 'घरातलं' या फोल्डरात टाकला. खोली 'भाड्याच्या जागा' मध्ये. झोप 'दुखणी' मध्ये गेली. त्या फोल्डरात जानेवारीत नऊ ओळी होत्या, आता एक्केचाळीस झाल्या. चौथी ओळ मात्र तिथंच राहिली. तिच्यावर बाण नेऊन त्यांनी दोनदा मागं घेतला.

बत्तीस वर्षं त्यांनी मेहकरच्या एसटी आगाराचं भांडार सांभाळलं होतं. फॅनबेल्ट कुठं, ब्रेकचे लायनर कुठं, कुठल्या खणात किती बोल्ट, हे ते डोळे मिटून सांगत. वस्तू जागेवर नसली की त्यांना जेवण गोड लागत नसे. निवृत्तीनंतर घरात त्यांनी जागेवर ठेवावं असं फारसं काही उरलं नव्हतं. मसाल्याचे डबे सुभद्राच्या ताब्यात, आणि तिथं हात लावला की ती बोलत नसे, फक्त डबे पुन्हा पहिल्यासारखे ठेवून देई.

हा कॉम्प्युटर अनूचा. अनुपमा – त्यांची एकुलती एक. टाळेबंदीची दोन वर्षं तिनं याच खुर्चीत बसून पुण्याच्या कंपनीचं काम केलं, मग ऑफिस सुरू झालं तशी निघून गेली. ब्राउझरमध्ये तिचं खातं चालूच राहिलं. पहिल्यांदा ते पेपर वाचायला बसले असताना, त्यांनी कशाला हात न लावता, यादीत एक ओळ आपोआप उमटली. त्यांना वाटलं मशीन बिघडलं. मग उमगलं... तिकडं अनू एखादं पान जपून ठेवायला त्यावरचा तारा दाबते आणि इकडं मेहकरात एक नाव येऊन पडतं. त्या दिवशी ते बराच वेळ यादीसमोर नुसते बसले. कोणीतरी दार न वाजवता आत यावं आणि ओळखीचं निघावं, तसं.

फोन ती आईला करते. रोज. 'बाबा कसे आहेत' असं विचारते आणि सुभद्रा 'बरे हायेत' म्हणते, तेवढ्यात त्यांची पाळी येऊन जाते. क्वचित फोन हातात आलाच तर जेवलीस का, पाऊस आहे का... आणि पुढं शब्द सरतात. चूक तिची नाही. ती लहान असतानाही मी तिच्याशी काय बोललो? वह्यांना कव्हरं घालून दिली. तीन हजारांवर ओळी अशाच विस्कटून पडलेल्या बघितल्या तेव्हा हात आपोआप पुढं गेला. एक ओळ उचलली, दुसरीजवळ ठेवली. महिन्याभरात फोल्डर झाले, त्यांना मराठी नावं दिली. वाटलं, ती विचारील. तिनं विचारलं नाही. उलट तीही कधी कधी एखादी ओळ नेमक्या फोल्डरात टाकू लागली, आणि त्यांनी धरून चाललं – हिला माहीत आहे. ही आमची बोलणीच आहेत. ती पसरते, मी लावतो. तीन वर्षं.

पान मात्र उघडायचं नाही. नावं तेवढी बघायची. नेम एकदाच मोडला होता, वरणफळांच्या पानासाठी. ते आईला विचारायचं सोडून तिनं परक्या बाईकडून का शिकावं, हे त्यांना कळेना. सुभद्राला सांगावंसं वाटलं, पण सांगायचं म्हणजे सगळंच सांगावं लागलं असतं.

टेबलावरचा फोन वाजला. त्यांचा, सुभद्राचा नव्हे. त्यावर अनूचं नाव होतं.

"बाबा, कामात आहात का?"

"नाही. बोल ना."

"एक विचारायचं होतं." तिची भाषा आता पुण्याची झाली होती, स्वच्छ. पूर्वी ती 'का' न म्हणता 'काऊन' म्हणत असे. "माझ्या ऑफिसात राखी म्हणून नवीन मुलगी आली आहे. तिला देण्यासाठी मी माझे सगळे बुकमार्क एका फाईलमध्ये काढले. ती माझ्या पडद्यावर बघून म्हणाली, इतके नीट कसे गं ठेवतेस? मी म्हटलं, मी कुठं ठेवते, ब्राउझरच लावतो." ती थांबली. "मग तिनं विचारलं, ब्राउझर 'दुखणी' असं नाव देतो का."

प्रेमानंदांनी माऊसवरचा हात उचलून मांडीवर ठेवला.

"बाबा, ते तुम्ही लावता?"

"हो. मीच लावतो."

"कधीपासून?"

"तू गेली तवापासून. मले वाटलं तुले ठाऊक हाय."

पलीकडं कुणीतरी हसलं, कुणीतरी खुर्ची सरकवली. ऑफिसातले आवाज.

"उघडून नाही पाह्यत मी," ते घाईनं म्हणाले. "एकच उघडली, वरनफळाची. बाकी नावं तेवढी पाह्यतो."

"नावंच पुरे असतात, बाबा."

ती रागानं बोलली नाही. राग असता तर बरं झालं असतं, रागाला उत्तर देता आलं असतं.

"म्हणजे तुम्हाला सगळं माहीत आहे," ती हळूच म्हणाली. त्यांना वाटलं, ती थांबली आहे. वाट बघत आहे. आता विचार... पण ते म्हणाले, "ते राखीले देल्लं का मंग? समदं?"

"नाही. 'दुखणी' वगळून बाकीचं दिलं." मग क्षणभरानं, "मी नंतर बोलते. ठेवते."

फोन बंद झाल्यावर त्यांनी पुन्हा यादीकडं पाहिलं. ती आता पासवर्ड बदलील. बदलावाच. मग ही यादी आज आहे तिथंच थांबेल. पण त्या भीतीच्याही खाली काहीतरी वेगळंच टोचत होतं. एक्केचाळीस ओळी मी माझ्या हातानं एकावर एक रचल्या, नऊपासून एक्केचाळीसपर्यंत मोजल्या, आणि आज ती स्वतः फोनवर होती, माझ्या कानाशी, आणि मी विचारलं काय, तर फाईल दिलीस का. रचताना दर वेळी वाटायचं, आपण तिच्यासाठी काही केलं. विचारायचं तेवढं राहून जायचं. की विचारावं लागू नये म्हणूनच रचत होतो...

सुभद्रा ओले हात पदराला पुसत दारात आली. "कोनाचा फोन व्हता?"

"अनूचा."

"तुमाले?" ती आत आली. "काय म्हने? मजेत हाय ना?"

'हो' जिभेवर आला होता. रोजचा, तयार. ते पडद्याकडं बघत राहिले.

"तिले झोप येत नाही," ते म्हणाले.

"तिनं सांगतलं?"

"नाही."

सुभद्रा उभीच राहिली. मग तिनं दुसरी खुर्ची ओढली आणि त्यांच्या शेजारी बसली, पडद्याकडं नव्हे, त्यांच्याकडं तोंड करून. ती वाट बघत होती. कुठून सुरुवात करायची, ते त्यांना कळत नव्हतं. लाज वाटत होती, आणि तरी उठून जावंसं वाटत नव्हतं.