टाके सुकले, म्हणजे पाठ बरी झाली?

टाके सुकले आणि घरादाराने ठरवून टाकलं, बाई बरी झाली! मंडळी, आपण दुखणं डोळ्यांनी मोजतो. हाताला प्लॅस्टर दिसलं की सगळे हळहळतात. पाठीच्या आत काय चाललंय ते कुणाला दिसणार?

गवंड्याच्या बायकोची कंबर आठ वर्षं दुखत होती. शेवटी डॉक्टरांनी खालचे दोन मणके स्क्रू आणि सळ्यांनी जोडले आणि बजावलं, "हाडाला हाड धरायला काही महिने लागतील. तोवर वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही." गवंड्याने मान डोलावली. सहाव्या आठवड्यात मात्र त्याचं तोंड सुटलं.

"दिवसभर आरामच चाललाय. ती ओल्या कपड्यांची बादली तेवढी गच्चीवर ने. तेवढ्याने काही मरत नाहीस!"

ती वाकली, बादली उचलली आणि तिसऱ्याच पायरीवर कठडा धरून मटकन खाली बसली. कपडे जिन्यावर पसरले.

"झाली नाटकं सुरू," गवंडी पुटपुटला.

भावजयीला बघायला आलेली त्याची थोरली बहीण दारातच उभी होती. तिने सगळं ऐकलं.

"नाटकं काय? बरं, मला सांग. काल टाकलेल्या स्लॅबखालचे टेकू आज काढशील?"

"वेड लागलंय का ताई? अख्खा स्लॅब खाली येईल!"

"वरून तर चांगला वाळलेला दिसतो की."

"दिसतो गं, पण आतून..." गवंड्याची जीभ अडखळली.

"सिमेंटला दिवस देतोस. रोज पाणी मारतोस. आणि हिच्या हाडांना डॉक्टरांनी सांगितलेले महिनेसुद्धा नाहीत?"

गवंड्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं! त्याने बायकोला हळूच उठवलं आणि तडक दवाखाना गाठला. एक्सरे बघून डॉक्टरांचा चेहरा उतरला. "एक स्क्रू सैल झालाय. थोडे दिवस वाट बघू. जुळलं तर ठीक, नाहीतर पुन्हा ऑपरेशन."

बाहेर बाकावर गवंड्याला रडू आवरेना. "माझंच चुकलं. पण अगं, इतकं दुखतंय म्हणून सांगायचंस ना!"

"आठ वर्षं सांगतच होते की," ती म्हणाली.

यावर आपल्यापैकी किती जणांकडे उत्तर असेल? घरातलं माणूस "दुखतंय" म्हणालं, की पुरावा मागू नका. पहिल्याच वेळी विश्वास ठेवा. गवंडी आता ठेवतो. त्या मणक्यांचं काय होणार, ते मात्र अजून डॉक्टरांनाही सांगता येत नाही.