म्हस्कूआबांच्या गाडीचे हब

भीमेच्या पात्रात म्हस्कूआबांची पिकअप रुतली आणि मागच्या हौद्यातली कोकरं बुडाली, तेव्हा गाडीनंच दगा दिला यावर सगळ्या गावाचं एकमत झालं. खुद्द आबाच तसं सांगत होते. "फोर व्हील टाकलं, पर पुढची चाकं फिरलीच न्हाईत. तेवढ्यात वरच्या बंधाऱ्याचं पाणी आलं." आबांच्या शब्दावर शंका घेणारं गावात कोणी नव्हतं. सगळी हयात मेंढरांमागं हिंडलेला माणूस. नदीचा उतार कुठं, गाळ कुठं, हे त्यांना तळहातासारखं ठाऊक.

गाडी जुनीच घेतलेली होती. तिच्या पुढच्या चाकांना आपोआप पकडणारे हब होते. आत बसून छोटी दांडी ओढली, की इंजिनाच्या हवेनं ते चाकाला अॅक्सलशी जोडून घेत. ते पुढंमागं खराब होतात, असं गॅरेजवालेही सांगत. म्हणून आबांच्या मुलानं, हनुमंतानं, कारेगावच्या कारखान्यातून रजा काढली आणि पुण्याहून हातानं फिरवायच्या हबांची जोडी घेऊन तो घरी आला. या हबांवर एक गोल चकती असते. खाली उतरायचं, दोन्ही चाकांपाशी जाऊन ती 'लॉक'वर न्यायची. हवेचा भरवसा नको आणि नळ्यांचाही नको.

कांद्याच्या चाळीच्या सावलीत त्यानं गाडी घेतली. मागच्या चाकांना दगडं लावली, पुढचा भाग जॅकवर उचलून खाली लाकडाचे ठोकळे दिले. पान्यांची पिशवी उघडली आणि हात थांबला. कारखान्यात मेंटेनन्सचं काम करून त्याला एक सवय जडली होती : मशीन खोलायच्या आधी ते चालवून बिघाड डोळ्यांनी बघायचा.

"सोनम, जरा आत बस," त्यानं बायकोला हाक मारली. "गाडी चालू कर. गेर न्यूट्रलच ठेव. आता ती छोटी दांडी माघारी वढ."

सोनमनं दांडी ओढली. हनुमंतानं डावं चाक हातानं फिरवलं. ते जड झालं होतं. चाकामागचा अॅक्सलही बरोबर फिरत होता.

सोनम पलीकडच्या खिडकीतून वाकून बघत होती. "अहो, मी हात बी लावला न्हाई आन् इकडचं चाक उलटं फिरतंय."

हनुमंत उठून उभा राहिला. एक चाक पुढं फिरवल्यावर दुसरं मागं फिरतं, याचा अर्थ दोन्हीकडचे हब पकडतायत. त्यानं दांडी पुढं करायला लावली, चाकं मोकळी झाली. पुन्हा मागं ओढायला लावली, पुन्हा पकडली. नळ्या हलवून पाहिल्या, इंजिन बंद करून चालू केलं. हब एकदाही चुकले नाहीत. नदीचं पाणी आत जाऊनसुद्धा ते धडधाकट होते.

"मग त्या दिशी काय झालं?" सोनमनं विचारलं.

नळीत वाळू गेली असेल आणि पाण्यानं निघाली असेल, असं त्यानं स्वतःला सांगून बघितलं. ते त्यालाच पटेना.

म्हाळसा, त्याची आई, चहा घेऊन आली. त्या दिवशी गाडीत ती आबांच्या शेजारीच होती. हनुमंत तिला म्हणाला, "आये, हब तर चांगले हायेत."

म्हाळसानं कप बोनेटवर ठेवला. सोनमकडं बघितलं, मग वाड्याच्या दाराकडं. आबा गावातल्या हौसरावांच्या वस्तीवर गेलेले होते, अजून आले नव्हते.

"चांगलेच असत्याल," ती हलक्या आवाजात म्हणाली. "त्यांनी दांडी वढलीच न्हाई."

"म्हंजी?"

"मी वरडत व्हते, दांडी वढा, दांडी वढा. त्यांनी वायपर चालू केला. मग हार्न वाजवला. दांडी समोर व्हती, पर ती कशाची हाय तेच त्यांना उमगंना. माझ्याकडं असं बघितलं, जशी मी कुणी वाटंवरची बाई हाय." पदराचं टोक तिनं बोटाला गुंडाळलं. "पाणी हौद्यात शिरलं. मी जाळी सोडवत व्हते. ते तिथंच, स्टेरिंग धरून."

"आन् तू मला सांगितलं न्हाईस?"

"काय सांगू, बाबा? बाहेर आल्यावर तेच म्हणाले, गाडीनं घात केला. त्यांना खरंच तसं वाटतंय, हनमा. खोटं न्हाई बोलत ते." मग जरा वेळानं ती म्हणाली, "दिवाळीपास्नं चाललंय हे. मेंढरं मोजताना मधीच थांबत्यात. मग मीच आकडा बोलते, ते व्हय म्हणत्यात."

सोनमनं गाडी बंद केली. कुणी चहाला हात लावला नाही.

तेवढ्यात आबांचा आवाज आला. सोबत हौसराव होते. नदीकाठची मोठी बागायत त्यांची, गावच्या सोसायटीत त्यांच्या शब्दाला वजन होतं. आबांशी मात्र ते घरच्यासारखे वागत. आबांच्या गाडीतूनच त्यांच्या घरची माणसं नदी ओलांडून पल्याड दौंडच्या बाजूला जात-येत. पुलावरून जायचं तर मोठा वळसा पडतो.

"आले व्हय नवीन हब?" हौसराव वाकून बघत म्हणाले. "बरं झालं. परवा सूनबाईला आन् रुद्राला वरवंडला सोडायचंय. सुलक्षणाच्या भावाचा साखरपुडा हाय. आता काय, गाडी दगा द्यायची न्हाई."

"सोडतो की!" आबा खुशीत म्हणाले. "रुद्राला पुढं बसवतो माझ्या शेजारी. मागच्या टायमाला लई हार्न वाजवत व्हतं बेनं."

रुद्र हौसरावांचा नातू, नुकताच शाळेत जायला लागलेला. हनुमंत तोंड उघडणार होता. पण आबा इतके ताठ उभे होते, आणि हौसरावांसमोर बापाविषयी काय बोलायचं, कुठून सुरू करायचं? हौसराव गेले. हनुमंतानं पाना उचलला आणि पहिला बोल्ट ढिला केला. चांगले हब काढून त्या जागी दुसरे बसवायला तो लागला, कारण आबा शेजारी उकिडवे बसून वाट बघत होते.

बोल्ट निघाले, जुना हब हातात आला. आतलं काळं ग्रीस पुसलं. अॅक्सलच्या टोकावरची लॉकरिंग काढायची तर ती निसटून उडते. आबांनी न सांगता तळहात आडवा धरला आणि रिंग झेलली. हनुमंताला बरं वाटलं. नवं ग्रीस भरलं, आतली दातेरी वाटी बसवली, रिंग परत चढवली, वर चकतीचं झाकण ठेवलं आणि बोल्ट समोरासमोरचे धरून आवळले. दुसऱ्या चाकालाही तसंच केलं. आबा एकेक पाना बरोबर देत होते. चौदाचा मागितला की चौदाचाच. आईला भीतीनं भास झाला असेल, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. नदीचं पाणी अंगावर येताना कुणाचं डोकं ठिकाणावर राहतं?

"बघा आबा. हितं फ्री. असं फिरवलं की लॉक. दोन्हीकडं करायचं, मग आत बसून दांडी."

"त्यात काय अवघड?" आबांनी डावी चकती फिरवली, वळसा घालून उजवीही फिरवली, मग दोन्ही परत 'फ्री'वर आणल्या. "झालं का तुझ्या मनासारखं? चल, नदीवर."

आबांनीच गाडी चालवली. हनुमंत शेजारी बसला. उसाच्या कडेनं गाडीवाट खाली उतरत होती. गिअर लोण्यासारखे पडत होते. समोरून उसाची ट्रॉली आली तर आबांनी बरोबर जागा बघून गाडी बाजूला घेतली. हनुमंताची छाती जरा मोकळी झाली.

वाळू सुरू झाली तिथं आबांनी गाडी थांबवली. खाली उतरले, डावी चकती 'लॉक'वर नेली. गाडीच्या पुढून वळसा घालून उजवीकडं आले. चाकापाशी उभे राहिले. चकतीकडं बघितलं, मग हातांकडं, मग नदीकडं. आणि चालू लागले.

हनुमंत आतच बसून राहिला. लघवीला जात असतील असं त्याला वाटलं. आबा पाण्याच्या कडेला गेले, जीभ टाळ्याला लावून त्यांनी मेंढरांना घालतात तशी साद घातली. पुन्हा घातली.

"काजळे! ए काजळे! टिकले, हिकडं!"

ती बुडालेल्या कोकरांची नावं होती. हनुमंत धावत गेला.

"हाईत कुठं ही?" आबा चिडून म्हणाले. "पल्याड सोडलीस का काय? लांडगं हाईत तिकडं!"

"आबा, चला घरी."

"मेंढरं सोडून?"

"आबा." त्यानं त्यांचा दंड धरला. "ती न्हाईत आता. पाण्यात गेली."

आबांनी त्याच्याकडं बघितलं. काहीतरी वरून खाली उतरत गेल्यासारखा त्यांचा चेहरा बदलला. ते मटकन वाळूत बसले. बराच वेळ वाळू मुठीत घेत नि सोडत राहिले. मग अगदी शहाण्या, नेहमीच्या आवाजात त्यांनी विचारलं, "हनमा, त्या दिशी मी दांडी वढली व्हती का रं?"

हनुमंत त्यांच्याशेजारी वाळूत टेकला. "वढली व्हती, आबा. हब खराब व्हता."

आबांनी मान हलवली. त्यांना पटलं की नाही, त्याला कळलं नाही. परतताना ते आपसूक डाव्या बाजूला जाऊन बसले.

घरी पोचल्यावर हनुमंत हात न धुताच हौसरावांच्या वस्तीवर गेला. हौसराव पडवीत मोबाईल बघत बसले होते. त्यानं सगळं सांगितलं : दांडी, वायपर, आज नदीवर घातलेली साद. बापाची अब्रू आपण स्वतःच दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकतोय असं त्याला वाटत होतं, तरी तो मधे थांबला नाही.

हौसरावांनी मोबाईल बाजूला ठेवला. मग त्यांचा चेहरा लाल झाला. "आन् दिवाळीपास्नं चाललंय म्हणतोस? मागच्या महिन्यात माझा नातू त्यांच्या शेजारी बसून नदीतनं गेला, हनुमंता! तुझ्या आईला तवा ठाऊक व्हतं?"

"व्हय, आप्पा."

"मग?"

आतून सून सुलक्षणा दारात आली, तिनं सगळं ऐकलं होतं. रुद्राला तिनं घट्ट जवळ धरलं होतं. हौसरावांनी तिच्याकडं बघितलं आणि कोरड्या आवाजात म्हणाले, "जा तू. आम्ही एष्टीनं पाठवू."

ठरल्या दिवशी आबांनी सकाळीच गाडी धुतली. स्वच्छ धोतर, डोक्याला पटका. रस्त्याकडं तोंड करून ते चाळीपाशी बसून राहिले. दुपार झाली तरी कोणी आलं नाही. "हौसराव इसरला वाटतं," असं म्हणून ते आत गेले आणि न जेवता झोपले. म्हाळसानं हनुमंताशी बोलणं टाकलं होतं. तिचं गुपित त्यानं तिला न विचारता बाहेर नेलं होतं. रागावायचा तिला हक्क होता, हे त्यालाही कळत होतं.

पुढच्या आठवड्यात शिरूरला डॉक्टरांकडं मात्र ती बरोबर आली. डॉक्टरांनी आबांना साल विचारलं, घरातल्यांची नावं विचारली, घड्याळ काढायला सांगितलं. आबांनी गोल काढला आणि त्यात एकही आकडा घातला नाही. हा आजार मागं फिरत नाही, गोळ्यांनी जरा सावकाश वाढेल, असं डॉक्टर म्हणाले. परतताना तिघं पुढं दाटीनं बसले होते. बऱ्याच अंतरानंतर म्हाळसा पहिल्यांदा बोलली. "सांगितलंस ते बरं केलंस. मला झालं नसतं."

हनुमंत कारेगावला गेला. जाताना त्यानं सोनमला हब कसे फिरवायचे ते दाखवलं, पण नदीतून गाडी न्यायची नाही असंही बजावलं. कळपाला पेंड न्यायला, आजारी मेंढरू दवाखान्यात न्यायला आता तीच गाडी चालवायला लागली. किल्ली तिच्या कमरेला असे.

रोज सकाळी आबा तिच्यापाशी किल्ली मागत. कधी गोडीनं, कधी शिव्या घालून. ती काहीतरी सांगून वेळ मारून नेई : डिझेल नाही, चाक पंक्चर आहे, हनुमंतानं नेलीय. असं पावसाळाभर चाललं. मग एका सकाळी आबा अंगणात आले, गाडी कुणा परक्याची असावी तसे तिच्या शेजारून गेले आणि उन्हाला जाऊन बसले. त्यांनी किल्ली मागितलीच नाही.

सोनमनं हनुमंताला फोन लावून ते सांगितलं. म्हाळसा चुलीपाशी बसून ऐकत होती. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.