गारगोटी नसलेला दगड

माझी भाची सहा महिने माझ्याच हाताखाली शिकत होती. हात कसबी, पण तोंडातून शब्द काढायचा तर पक्कड लागावी. त्या दिवशी पाच वाजता प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई तिचे दगडाचे दोन काप बघणार होत्या, एक ग्रॅनाइटचा, एक बेसॉल्टचा. पसंत पडले तर माझ्या निवृत्तीनंतर माझी जागा तिला; नाहीतर बाहेरचा कुणीतरी येणार.

आमचं काम सांगायला सोपं. दगडाची चकती काचेवर चिकटवायची आणि ओल्या, खरखरीत पुडीवर घासत न्यायची, इतकी पातळ की उजेड आरपार जावा; झाला काप. कुठे थांबायचं ते सूक्ष्मदर्शकात गारगोटीचे दाणे बघून ठरवायचं. चकती जाड असेल तर दाणे पिवळे दिसतात. पिवळेपणा जाऊन राखाडी झाले की बस.

ग्रॅनाइट तिने जेवणाच्या सुट्टीआधीच झकास उतरवला.

"बघ, दाणे कसे ऐसपैस," मी म्हणालो. "हा जमिनीच्या पोटात लाखो वर्षं सावकाश निवत बसला. दाण्यांना वाढायला वेळच वेळ."

बेसॉल्टच्या दोनच चकत्या होत्या, काळ्या, पिठासारख्या बारीक दाण्याच्या.

"आणि हा लाव्हा होऊन वर आला, उघड्यावर पडल्यापडल्या निवला. याला कुठली सवड?"

बोलता बोलता मी चकती तिच्या हातातून घेतलीसुद्धा. शिकवायची खोड जाते थोडीच! घासलं, बघितलं. गारगोटी दिसेना. पुन्हा घासलं.

"मामा..."

"थांब गं जरा."

आणखी घासलं, धुतलं आणि बघतो तर नुसती लख्ख काच. दगडाचा मागमूस नाही.

"मामा, बेसॉल्टमध्ये गारगोटी नसतेच ना," ती हळूच म्हणाली. "त्याचा रस आणखी खोलातून येतो. गारगोटी बनायला जे लागतं, ते त्यात कमीच असतं."

मला काय हे माहीत नव्हतं? पण बत्तीस वर्षं ग्रॅनाइटच घासलेला हात, तो आपल्याच सवयीने चालला.

"मग आधी बोलली का नाहीस?"

"तुम्हाला कसं सांगायचं?"

माझं डोकं फिरलं. राग स्वतःवर होता, ओरडलो मात्र तिच्यावर. "दगड नाहीसा होताना बघत राहणार, पण मामाला टोकणार नाही! उद्या मी नसेन तेव्हा कुणाला भिऊन गप्प बसशील?"

ती उरलेली चकती घेऊन बसली. दोन-चार हात मारायची, सूक्ष्मदर्शकात गारगोटीऐवजी फेल्डस्पार या खनिजाच्या बारीक पट्ट्यांचा रंग बघायची, पुन्हा दोन हात. बाई पाचाच्या आधीच येऊन दारात उभ्या राहिल्या. माझा जीव टांगणीला. मी वाकून सूक्ष्मदर्शकात डोकावलो. अजून एक हात हवा असं वाटलं आणि माझा हात चकतीकडे गेला.

"मामा, हात मागे घ्या," ती मान वर न करता म्हणाली. "झालाय तो."

मी हात मागे घेतला. बाईंनी ग्रॅनाइटचा काप बघून मान डोलावली, बेसॉल्टचा मात्र बराच वेळ न्याहाळला.

"अगदी नेमका उतरलाय," त्या म्हणाल्या, आणि मग माझ्याकडे वळल्या. "तुम्हाला असं कुणी थांबवलेलं मी आजवर पाहिलं नव्हतं."

"मीसुद्धा," मी म्हणालो. मला इतका आनंद झाला होता की मघाशी ओरडल्याबद्दल तिची माफी मागायची होती, तीही बाईंच्या देखत मागून टाकली.