गंगा नव्हे, मी

मित्रांनो, मी भाजल्या मातीची जुनी नळी आहे. नाक मुरडू नका. तंजावुरात मराठ्यांचं राज्य होतं तेव्हा कुंभाराने मला घडवलं आणि माझ्या बहिणींच्या तोंडात तोंड घालून जमिनीखाली पुरलं. एका टोकाला तळं, दुसऱ्या टोकाला गल्लीतली विहीर. कावेरीचं पाणी कालव्याने तळ्यात यायचं, तिथे निवळायचं आणि आमच्यातून विहिरीला जायचं. मी कधी कुरकुरले नाही.

पण मान कुणाला? विहिरीला! बाळंतपण उरकलं की नवी आई बाळाला घेऊन विहीर पूजायला यायची. हळदकुंकू तिला, खण तिला. आमची मराठी घरं मिशीला पीळ देऊन सांगायची, आमच्या विहिरीत गंगा येते. गंगेला दुसरी कामं नाहीत काय? पण सांगायला मी वर जाणार कशी?

मग गाव वाढलं. वाढावंच. लेकरं होतात, त्यांना छप्पर लागतं. त्याला मी नावं ठेवत नाही. विहिरीसमोरच्या घरातली हिराबाईही ठेवत नव्हती, आणि ती तर देवालासुद्धा नावं ठेवणारी. तिच्या मुलाने, सेतुरामने, परसात बहुमजली इमारत काढली. पाया खणताना पहार माझ्या कुशीत घुसली, खड्ड्यात पाणी भरलं.

जुनं गटार असेल, बुजवा, सेतुराम म्हणाला. हिराबाई काठी टेकत आली, वाकली आणि ओंजळभर पाणी प्याली.

"गटार इतकं गोड असतं का रे, सेतु? ही विहिरीची वाट आहे. थोडं सरकून बांध."

"सरकलो तर एक खोली जाते, आई. आणि आपल्या विहिरीत गंगा येते ना? तूच सांगायचीस."

म्हातारीची जीभ विळीसारखी, पण त्या दिवशी ती काठी टेकत परत गेली. माझ्या बहिणी फुटल्या, वर काँक्रीट पडलं. मी तेवढी भोक पडून बाहेर निघाले.

उन्हाळा आला आणि विहीर आटली. तळ्यात पाणी होतं, वाट नव्हती. त्यातच सेतुरामची सून लावण्या बाळंत झाली. पूजेच्या दिवशी बायका विहिरीत डोकावल्या, तर तळाशी चिखल आणि प्लास्टिकच्या पिशव्या. इतक्यात इमारतीसाठी पाण्याची लॉरी आली. हिराबाईने लावण्याच्या हातातलं ताट घेतलं, लॉरीच्या गळक्या नळाला हळदकुंकू लावलं आणि मुलाला हाक मारली.

"ये, सेतु. नमस्कार कर. तुझी गंगा आली."

सेतुराम खाली मान घालून उभा राहिला. ड्रायव्हरने मात्र हात जोडले.

आता मी सेतुरामच्या हॉलमध्ये उभी असते. त्याने मला घासूनपुसून तेल लावलं. पाहुणे म्हणतात, वा, काय जुनी वस्तू! आणि माझ्या डोक्यावर विकतच्या पाण्याचा कॅन ठेवलेला असतो. इतकी वर्षं पाणी माझ्या पोटातून गेलं. आता ते माझ्या डोक्यावर बसतं.

मित्रांनो, घरं बांधा, खुशाल उंच बांधा. पण पहारीला ओल लागली तर थांबा. ते पाणी कुणाच्या घरी निघालंय, एवढं विचारा.

लावण्याचं बाळ आता रांगत माझ्याकडे येतं. कुशीतल्या भोकात बोट घालतं, मग ते बोट चोखून बघतं. कोरडं लागलं की रडतं.